अमळनेरची तीन मशीनं आणि आप्पांची गाणी

अमळनेरला बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर टायपिंग-झेरॉक्सचं एक दुकान आहे. पुढे झेरॉक्स मशीन आणि काउंटर, मागे पडद्याआड डिझाइनचं टेबल. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, ग्रामपंचायतीचे ठराव, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पीक विम्याचे फॉर्म, सातबारा, असं तालुक्याला लागणारं बहुतेक कागदी काम तिथे होतं. दुकान आप्पांचं. काउंटर त्यांची सून सांभाळते. तिचा नवरा सुरतला कामाला, माझा शाळेतला मित्र, म्हणून मी तिला वहिनी म्हणतो. दुकानातले कॉम्प्युटर गेली आठ वर्षं मी बघतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये वहिनींचा फोन आला. "भाऊ, कॉम्प्युटरवर रोज एक पाटी येऊ राहिली. चौदा ऑक्टोबरनंतर बंद म्हणे. दिवाळी तोंडावर, मग तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची गर्दी. दुकान बंद पडेल का?"

बंद पडणार नव्हतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला, याचा अर्थ मशीन त्या दिवशी थांबलं असा होत नाही. मशीन चालतंच, फक्त सापडलेल्या भगदाडांवर ठिगळं येणं थांबतं. घरातल्या एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर हा धोका कोणी काही दिवस अंगावर घेईल. पण या काउंटरवर रोज पन्नास अनोळखी पेनड्राइव्ह लागतात आणि लोकांचे आधार, पासबुक, सातबारा त्याच मशीनवर उघडतात. इथे दुर्लक्ष करून चालणार नव्हतं.

हाताशी काय होतं

काउंटरवर चौथ्या पिढीचा कोअर आय-थ्री, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्डडिस्क. सकाळी बटण दाबून वहिनी अंगणात सडा टाकून यायच्या, तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसायचा. मागच्या टेबलावर सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क; त्यावर पत्रिका रचायचं कोरल ड्रॉ. तिसरा सातव्या पिढीचा लॅपटॉप, तो आप्पांचा.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. तिन्ही मशीनं त्या रेषेच्या अलीकडे. ही अट चुकवून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या आहेत, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. धंद्याच्या मशीनवर ती युक्ती मी करत नाही. आणखी एक वाट होती वाढीव मुदतीची. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळवता येत होत्या. म्हणजे प्रश्न वर्षभर पुढे ढकलायचा. आप्पांनी जळगावहून तीन नव्या मशीनचं कोटेशनही आणलं होतं, एक लाख दहा हजारांचं. त्या वर्षी पावसाने कापसाचं नुकसान केलेलं, गिऱ्हाइकांची उधारी थकलेली. ते कोटेशन आप्पांनी गल्ल्याखाली घडी करून ठेवलं आणि पुन्हा काढलं नाही.

मी लिनक्स सुचवलं, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकटची सिस्टिम. मात्र तीनही मशीनांवर एकदम टाकायला माझा नकार होता. आधी आठ दिवस एक वही काउंटरवर ठेवली आणि वहिनींना सांगितलं, दिवसभरात कॉम्प्युटरवर जे जे कराल ते एका ओळीत लिहा, कितीही बारीक असू दे.

या सगळ्या प्रकरणात ती वही सर्वात मोलाची ठरली. माझ्या अंदाजात काउंटरचं निम्मं काम वर्डमध्ये असावं. वहीत दिसलं की दहातली सात कामं ब्राउझरमधली आहेत. सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, वीजबिल, व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ काढून देणं. या कामांना खाली कुठली सिस्टिम आहे याने फरक पडत नाही. उरलेल्या तिनांत अडचणी होत्या: मराठी टायपिंग, छोटा लेझर प्रिंटर आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र.

काय ठरलं

काउंटर आणि लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२.२, लिनक्सचाच एक प्रकार. मिंटची २२ ही मालिका उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि २०२९ पर्यंत तिला पाठिंबा आहे. काउंटरला हलकी एक्सएफसीई आवृत्ती, लॅपटॉपला सिनॅमन. दोन्ही मशीनना नवी एसएसडी, काउंटरची रॅम आठपर्यंत वाढवली. खर्च सात हजारांच्या आत.

डिझाइनच्या मशीनला हात लावला नाही. कोरल ड्रॉ लिनक्ससाठी निघत नाही, आणि पत्रिकांचे पंधरा वर्षांचे साचे त्यात आहेत. त्याच्या जागी लिनक्सवर चालणारं इंकस्केप चांगलं आहे, मी स्वतः वापरतो, पण मोसमाच्या तोंडावर डिझाइनरच्या हातातलं हत्यार बदलणं म्हणजे पेरणीच्या दिवशी बैलजोडी बदलणं. म्हणून ते मशीन विंडोज १० वरच ठेवलं, त्याचं इंटरनेट काढलं, आणि काउंटरशी जोडणारी फक्त दुकानातली अंतर्गत तार राहू दिली. त्यावर अनोळखी पेनड्राइव्ह लावायचा नाही, असा नियम कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला.

लिनक्स पेनड्राइव्हवरून, डिस्कला न शिवता चालवून बघता येतं. एका रविवारी दुपारी तसं चालवून वहिनींकडून वहीतल्या वीस ओळी करून घेतल्या. अठरा जमल्या.

काउंटर

काउंटरचं काम एका संध्याकाळी उरकलं. इन्व्हर्टरची बॅटरी आधी तपासून घेतली, कारण आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि डिस्कचे भाग पाडत असताना ती गेलेली परवडत नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, मशीन उडायला लागलं. इथे खरं सांगायला हवं. त्या वेगाचं श्रेय मुख्यतः एसएसडीचं आहे. हीच एसएसडी घालून जुनं विंडोज ठेवलं असतं तरी मोठा फरक पडला असता. लिनक्सचा प्रचार करताना ही गोष्ट लपवली जाते, आणि मग जुन्या हार्डडिस्कवर मिंट टाकणाऱ्याचा हिरमोड होतो.

लिनक्सचा स्वतःचा फायदा दिसला तो पेनड्राइव्हमध्ये. कॉलेजची मुलं शॉर्टकट व्हायरस लागलेले पेनड्राइव्ह घेऊन येतात. तो व्हायरस खऱ्या फायली लपवतो आणि त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतो. मिंटवर तो शॉर्टकट नुसता पडून राहतो, चालत नाही. शिवाय विंडोजच्या पद्धतीने लपवलेल्या फायली इथे सरळ दिसतात. एका मुलीचा प्रोजेक्ट "उडाला" होता, ती रडवेली होऊन आली. वहिनींनी पेनड्राइव्ह लावला, फाइल समोर. त्या दिवसापासून वहिनींना या मशीनचा अभिमान वाटायला लागला, आणि माझं निम्मं काम हलकं झालं.

प्रिंटरने मात्र पंधरा दिवस खाल्ले. तो छोटा लेझर एका नावाजलेल्या कंपनीचा, गावागावातल्या दुकानांत दिसतो तसा. अशा स्वस्त प्रिंटरमध्ये पान रचायची अक्कल नसते. सगळी रचना कॉम्प्युटरने करून, कंपनीच्या खास भाषेत पाठवायची असते. ती भाषा लिनक्सला समजावणारा ड्रायव्हर जुना होता. एकदा चालला, मशीन बंद करून सुरू केलं की गप्प. मी दोन रात्री घालवल्या आणि मग थांबलो. तो प्रिंटर डिझाइनच्या मशीनला लावला, आणि काउंटरवरून पीडीएफ दोन्ही मशीनच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकायची, तिथून छापायची, अशी वाट काढली. चालायचं, पण प्रत्येक पानाला वहिनींना उठून पडद्याआड जावं लागे. दिवाळीनंतर काउंटरसाठी एअरप्रिंट समजणारा, नेटवर्कवरचा प्रिंटर घेतला. हा नवा प्रिंटर, वेगळा ड्रायव्हर न टाकता, मिंटला आपोआप सापडला. हा खर्च सुरुवातीच्या हिशेबात धरायला हवा होता. मी धरला नव्हता.

ठशाचं यंत्र विंडोज आणि अँड्रॉइडवर चालतं, मिंटवर नाही. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचे हयातीचे दाखले, त्यामुळे हे टाळता येण्यासारखं नव्हतं. पण जीवन प्रमाण या डिजिटल हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून अँड्रॉइड फोनवर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे. वहिनींच्या फोनवर ती बसवली. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्यांना यंत्रावर चार-चार वेळा बोट टेकवायला लागायचं. चेहऱ्याचं काम त्यांना सोपं गेलं.

वर्डच्या फायलींची एक कटकट अजून आहे. कार्यालयांकडून येणारे नमुने मंगल फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट मिंटवर नसतो, त्याच्या जागी दुसरा बसतो, त्याची ओळ कमी-जास्त उंच असते, आणि दोन पानांचा अर्ज कधी सव्वादोन पानांवर जातो. मिंटवर वर्डच्या जागी असलेलं लिबरऑफिस कॅलिब्री या रोमन फॉन्टसाठी कार्लिटो हा फॉन्ट वापरतं, ते अक्षराला अक्षर जुळतं, म्हणून रोमन मजकुराला हा त्रास नाही. देवनागरीला होतो. वहिनी आता छापण्याआधी पानांची संख्या बघतात.

आप्पांचा लॅपटॉप

आप्पा पंचवीस वर्षं अहिराणी गाणी गोळा करतात. आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची, कानबाईची, जात्यावरची, लग्नातली. एरंडोल, पारोळा, साक्री, शिरपूर, जिथे नातं असेल तिथे जाऊन म्हाताऱ्या बायांजवळ बसायचं, वहीत उतरवायचं, आणि घरी येऊन टाइप करायचं. ४१२ फायली होत्या. त्यातल्या सुरुवातीच्या साठेक पेजमेकर या जुन्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरच्या, बाकी वर्डच्या.

लॅपटॉपवर दोन आठवडे विंडोज आणि मिंट शेजारी-शेजारी ठेवले, म्हणजे आप्पांना सवय होईल. एक किरकोळ गंमत झाली. मिंटवरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. मिंट मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. एका आज्ञेत ते मिटलं.

मग आप्पांनी मिंटमध्ये आपली पहिली फाइल उघडली. पडद्यावर देवनागरीचा एक कण नाही. नुसती रोमन अक्षरं, स्वल्पविराम, कंस, आकडे, पानंच्या पानं.

आप्पा मराठीत बोलता-बोलता अहिराणीवर आले. "हाई काय व्हयनं भो? मना गाना कथा ग्यात?"

गाणी जागेवरच होती, पण मी आधी सांगायला हवं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटलं ते मला टाळता आलं असतं.

झालं होतं ते असं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रूढ होण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये मराठी अक्षरं नसतातच. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे चितारलेले असतात. कृतिदेव या फॉन्टमध्ये "भारत" लिहिलं की फाइलमध्ये प्रत्यक्षात एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरं साठवली जातात. वर कृतिदेवचा मुखवटा आहे तोवर "भारत" दिसतं. मुखवटा नसलेल्या मशीनवर खालचं रोमन उघडं पडतं. आप्पांची सगळी गाणी अशाच एका फॉन्टमध्ये होती.

तो फॉन्ट उचलून मिंटमध्ये टाकला की गाणी पुन्हा दिसू लागली. इथेच थांबता आलं असतं, आणि आप्पांची तशी इच्छाही होती. मी थांबू दिलं नाही. कारण तेव्हा उमगलं की आप्पांची गाणी विंडोजमध्येही सुरक्षित नव्हती. ती एका फॉन्टच्या फाइलला टांगलेली होती. नातवाने फोनवर उघडली तर रोमन, कोणाला मेलने पाठवली तर रोमन. शोध घेता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाहीत. सिस्टिम बदलली म्हणून हे दिसलं, एवढंच.

मग आम्ही सगळं युनिकोडमध्ये आणायचं ठरवलं. वर्डच्या फायलींतला मजकूर काढणं सोपं होतं. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, ते सॉफ्टवेअर आता कुठून आणायचं? पण लिबरऑफिस ड्रॉ पेजमेकरच्या फायली उघडतं. मांडणी विस्कटते, मजकूर हाती लागतो. साठांपैकी चार फायली कशानेच उघडल्या नाहीत. त्या आप्पांनी जुन्या वह्यांवरून पुन्हा टाइप केल्या. कागद होता म्हणून वाचलं.

रूपांतरासाठी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. "स्थिती"सारख्या शब्दात तर पूर्ण जोडाक्षर ओलांडून तिला पुढे न्यावं लागतं. रफार उलटा. "कर्म" लिहिताना जुन्या पद्धतीत क, म आणि मग रफार. युनिकोडमध्ये र आणि हलन्त आधी, म नंतर. इतकं मला माहीत होतं आणि ते पहिल्या दिवशी जमलं.

अडलं ते अहिराणीवर. अक्षरांचा तक्ता मी एका हिंदी कन्व्हर्टरवरून घेतला होता. हिंदीला आपला डोळ्याच्या पापणीसारखा आडवा र लागत नाही, म्हणून तक्त्यात रफार आणि पापणीचा र दोन्ही एकाच घरात होते. अहिराणीत दर दोन ओळींआड "करी ऱ्हायना", "जाई ऱ्हायनी". सगळीकडे ह च्या डोक्यावर रफार चढला. आप्पांनी पहिलं पान पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. "अशी भाषा कोणी बोलत नाही."

उपाय व्याकरणातून सापडला. शब्दाच्या सुरुवातीला रफार येऊच शकत नाही, कारण तो आधीच्या अक्षराच्या उच्चारानंतरचा असतो. म्हणून शब्दारंभीचा प्रत्येक असा र डोळे मिटून "ऱ्" केला. त्यात "ऱ्हायना" आणि त्याची भावंडं सरळ झाली. शब्दाच्या मधल्यांचं तसं नाही. "सूर्य", "कार्य" मध्ये रफार हवा, "दुसऱ्या", "साऱ्या" मध्ये पापणी. हे प्रोग्रामला ठरवता येत नाही, माणसालाच येतं. ४१२ फायली ओळ न् ओळ वाचण्यापेक्षा, असे सगळे वेगवेगळे शब्द एकदाच काढून यादी केली. साडेतीनशेच्या आत शब्द. आप्पांनी दोन दुपारी बसून प्रत्येकापुढे खूण केली, आणि ती यादी प्रोग्रामला दिली. मी केलेल्या कामातला मला सर्वात समाधान देणारा भाग हा.

टायपिंगची भीती त्यामानाने खोटी निघाली. वहिनींनी मराठी टायपिंगची ४० ची परीक्षा दिलेली, बोटं रेमिंग्टन टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली. मिंटमध्ये आयबस आणि एम-१७-एन हा टायपिंगचा संच टाकला की मराठीसाठी इन्स्क्रिप्ट, फोनेटिक आणि टाइपरायटरच्या वळणाच्या मांडण्या मिळतात. दोन-चार कळा इकडच्या तिकडे होत्या. आठवडाभर वहिनी पुटपुटत राहिल्या, मग विसरून गेल्या. आप्पा मात्र सत्तरीत इन्स्क्रिप्ट शिकले, का तर ऱ आणि र एकाच कळीवर आहेत, शिफ्टसह आणि शिफ्टविना. "आता कोणाच्या यादीची गरज नाही," म्हणाले.

मार्चपर्यंतची स्थिती

काउंटरवर मिंट टिकलं. पाच महिन्यांत एकदाच मला जावं लागलं, तेही सैल झालेल्या तारेसाठी. लॅपटॉपवरचं विंडोज आप्पांनी स्वतः सांगून पुसायला लावलं. डिझाइनचं मशीन अजून विंडोज १० वर, इंटरनेटविना. कोरलचे साचे हळूहळू दुसरीकडे नेता येतील का ते पावसाळ्यात बघायचं आहे, तेव्हा पत्रिकांचं काम कमी असतं. गाण्यांच्या तीन प्रती आहेत: एक लॅपटॉपवर, एक कपाटातल्या डिस्कवर, एक सुरतला मुलाकडे. जुन्या फायलीही फॉन्टसकट ठेवल्या आहेत, कारण रूपांतरात काही निसटलं असेल तर ते उद्या सापडेल.

गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा आप्पा लॅपटॉपसमोर वही घेऊन बसले होते. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना सगळ्या गाण्यांत एक शब्द शोधता येत होता. "आखाजी" टाकलं, सदतीस जागा निघाल्या. "अखाजी" टाकलं, आणखी नऊ. मी म्हटलं, आप्पा, एकच रूप करून टाकू, शोधायला बरं पडेल.

"नाही," ते म्हणाले. "त्या नऊ बायकांनी तसंच म्हटलं होतं." आणि ती नऊ गाणी कोणत्या गावांची आहेत ते त्यांनी वहीत लिहायला घेतलं.